दारं वाकडी दिसली, दोष पायात होता

चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर मागच्या वर्षी आम्ही स्वतः बसवलं. मी, माझा नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. काम शेवटी चांगलं झालं, पण मध्ये एकदा सगळं काढून पुन्हा लावावं लागलं. काय बिघडलं आणि कशाने सुधारलं ते क्रमाने सांगते. असं काम करायला निघालेल्यांचा दुप्पट खटाटोप वाचावा, एवढाच हेतू.

आमची इमारत जुनी आहे. कडप्प्याचा ओटा होता. सिंकखालचा पाइप गळून खालच्यांच्या छताला ओल आली, तेव्हा ओटा फोडावाच लागला. नव्या किचनसाठी चौकशी केली, तर बसवण्याची मजुरीच आमच्या हिशेबाबाहेर चालली होती. ओळखीच्या सुताराला दिवाळीनंतरच वेळ होता. मग आम्ही फ्लॅटपॅक बॉक्स घेतले. फळ्या मापात कापलेल्या, भोकं पाडलेली, बिजागऱ्या आणि स्क्रू पुड्यांमध्ये. जोडणी आणि बसवणं आपलं आपण करायचं.

आमचं किचन एल आकाराचं. खिडकीखालची भिंत नऊ फुटांची, तिला लागून दुसरी सात फुटांची. बॉक्सची उंची ७२० मिलिमीटर. खाली फिरवून कमी-जास्त होणारे प्लास्टिकचे पाय, कमीत कमी १०० चे. वर १८ चा प्लाय आणि त्यावर २० चा ग्रॅनाइट. मिळून ८५८ मिलिमीटर, म्हणजे पावणेचौतीस इंच. सासूबाईंना आणि मला दोघींनाही ही उंची सोयीची होती.

जोडणी तशी सोपी गेली. लाकडी खुंट्या बसवायच्या, कॅम लॉकचा बाण स्क्रूच्या दिशेला ठेवायचा, फळी दाबायची आणि लॉक अर्धा फेरा फिरवायचं. त्यापुढे जोर केला तर भुशाच्या फळीचं भोक फुटतं. आमचं एक फुटलं. मग पॉवर ड्रिल बाजूला ठेवून कॅम हातानेच फिरवले.

एक गोष्ट मात्र राहिली. बॉक्सची पाठ, म्हणजे मागची पातळ फळी, ठोकण्याआधी आम्ही कर्ण मोजले नाहीत. चौकट डोळ्यांना काटकोनात दिसत होती. पाठ ठोकली आणि बॉक्स भिंतीकडे नेऊन ठेवले.

बसवायला सुरुवात सिंकच्या बाजूने केली. पाइप तिथे, म्हणून तो बॉक्स आधी, असा विचार. पाय सगळ्यात खाली, १०० वर ठेवले. बॉक्सवर नऊ इंची पाणसळ ठेवली, बुडबुडा मधे आणला, पुढच्या बॉक्सकडे वळलो. प्रत्येक बॉक्स असाच स्वतंत्र लेव्हल केला. शेजारचा बॉक्स आधीच्यापेक्षा जरा वर येतोय हे दिसत होतं, पण पाय त्याहून खाली जात नव्हते. मग दोघांनी धरून शेजारच्या दोन फळ्या दाबल्या आणि स्क्रू मारून ओढून घेतल्या. फट मिटली, म्हणजे काम झालं असं वाटलं.

दारं लावली तेव्हा गडबड दिसायला लागली. एका दाराची फट वर दोन मिलिमीटर, तर खाली पाच. शेजारच्या दोन दारांची खालची धार जुळेना. एक ड्रॉवर ढकलून बंद केला तरी सावकाश बाहेर येई. नवरा आणि मुलगा संध्याकाळभर बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवत बसले. बिजागरीला तिन्ही दिशांना सरकायची सोय असते, पण ती प्रत्येक दिशेला दोन-तीन मिलिमीटरचीच. काही बिजागऱ्या अगदी टोकाला गेल्या. लांबून पाहिलं तर दारं बरी दिसत होती. जवळून पाहायचं मी टाळलं, हे खरं आहे.

मग ग्रॅनाइट बसवणारे कारागीर माप घ्यायला आले. त्यांनी टेप काढायच्या आधी सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी बॉक्सवर आडवी ठेवली. मधे दोन सूत फट होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा जरा जास्त. त्यांनी पट्टी उचलून तिरकी ठेवली, तर ती डुगडुगली.

"ताई, याच्यावर दगड ठेवणार नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "दादा, खाली थोडा मसाला भरून नाही का चालणार?"

"सिंक आणि शेगडीसाठी दगड कापला की पुढेमागे चार बोटांची पट्टी उरते. तिच्याखाली पोकळी राहिली तर ती तिथेच तडकणार. आज नाही, कुकर आपटल्यावर. तेव्हा तुम्ही मला बोलावणार."

त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं. सिंकखालच्या कोपऱ्यात पाण्याची जाळी आहे. जुन्या घरांत स्वयंपाकघर पाण्याने धुवायचे, म्हणून फरशीला जाळीकडे उतार दिलेला असतो. आम्ही सगळ्यात खोल जागेवरून, पाय सगळ्यात खाली ठेवून सुरुवात केली होती. तिथून पुढे फरशी चढत गेली आणि पायांना खाली जायला जागाच उरली नाही. "सगळं सोडवा. पारदर्शक नळी आणा, पाण्याची रेघ मारा आणि चढाच्या जागेवरून उंची धरा," एवढं सांगून ते गेले. माप न घेता गेले, हा त्यांचा मोठा उपकार.

त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी फारसं बोललो नाही. हॉलमध्ये इंडक्शनवर खिचडी केली. दुसऱ्या दिवशी दारं आणि ड्रॉवर काढले, प्रत्येकावर खडूने नंबर टाकले आणि बॉक्स हॉलमध्ये आणले.

पहिलं काम काटकोनाचं. प्रत्येक बॉक्सचे दोन्ही कर्ण टेपने मोजले. दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात असते. दोन बॉक्समध्ये पाच-सहा मिलिमीटरचा फरक निघाला. ते बॉक्स पालथे घातले, पाठीचे खिळे काढले, कॅम जरासे सैल केले. लांब कर्णाच्या दोन टोकांना शिकंजा लावून हळूहळू आवळलं आणि दोन्ही मापं सारखी आल्यावर पाठ पुन्हा ठोकली. बॉक्सला काटकोनात धरून ठेवते ती पाठच. ती एकदा तिरकी ठोकली की वर कितीही बिजागऱ्या फिरवा, दार तिरकंच राहतं.

मग पाण्याची नळी. हार्डवेअरच्या दुकानातून बोटभर जाडीची पारदर्शक नळी आणली, खोलीच्या दोन्ही भिंती गाठेल एवढी लांब. पाण्यात कपड्यांची नीळ टाकली, म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून पाणी सावकाश भरलं आणि नळी झटकून बुडबुडे काढले. खुणा करताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. एकाने एक टोक पहिल्या खुणेशी धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला पाणी थांबलं की पेन्सिलने खूण करायची. अशा खुणा सगळीकडे करून त्यावर दोरीने रेघ मारली. लेझर लेव्हल भाड्याने मिळत असेल तर तेही चालतं. आमचं काम नळीने भागलं.

रेघ मिळाल्यावर आमची छोटी पाणसळही तपासली. एकाच जागी ती एकदा सरळ आणि एकदा उलट फिरवून ठेवली. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी थांबायला हवा होता, पण तो वेगळा थांबला. म्हणजे साधनच चुकीचं सांगत होतं. ती बाजूला ठेवून चार फुटी चांगली पाणसळ शेजाऱ्यांकडून मागून आणली. नऊ इंची पट्टी नऊ फुटांच्या रांगेचं काही सांगू शकत नाही, हेही तेव्हा कळलं.

आता रेघेपासून फरशीपर्यंत जागोजागी माप घेतलं. सगळ्यात कमी माप जिथे, तिथे फरशी सगळ्यात उंच. आमच्याकडे ती जागा हॉलच्या दाराजवळ होती. जाळीकडचा कोपरा तिच्यापेक्षा १४ मिलिमीटर खोल निघाला. उंच जागेवर पाय १०५ वर ठेवायचे ठरवलं, म्हणजे वर-खाली करायला थोडी जागा राहते. त्यामुळे बॉक्सच्या वरच्या कडेची रेघ तिथे ८२५ वर आली. हीच रेघ नळीने सगळीकडे फिरवली. जाळीजवळ तेच माप ८३९ भरलं.

इथे एक युक्ती फार कामाला आली. बॉक्स जागेवर गेला की मागच्या पायांपर्यंत हात पोचत नाही. म्हणून प्रत्येक पाय जिथे येणार, तिथे रेघेपासून फरशीपर्यंत मोजायचं आणि त्यातून ७२० वजा करायचे. उरेल ती त्या पायाची लांबी. जाळीजवळ ती ११९ आली. सगळे पाय बॉक्स आडवा असतानाच तेवढे फिरवून ठेवले. जागेवर नेल्यावर फक्त पुढचे पाय किंचित हलवावे लागले.

उंची चढाच्या जागेवरून ठरली, पण बॉक्स लावायला सुरुवात कोपऱ्यापासून केली. कोपरा चुकला तर दोन्ही बाजू चुकतात. भिंतींचा काटकोन तपासायला गवंड्यांची तीन-चार-पाचची रीत वापरली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर काटकोन. आमचं अर्धा इंच जास्त आलं, म्हणजे कोपरा साधारण एका अंशाने उघडा. एक अंश ऐकायला लहान वाटतो, पण सात फुटांच्या टोकाला तो दीड इंच होतो.

आधीच्या वेळी आम्ही सगळे बॉक्स भिंतीला चिकटवले होते, म्हणून कोपऱ्यातली दारं एकमेकांशी काटकोनात नव्हती. आता मोठ्या भिंतीकडचे बॉक्स भिंतीला धरून लावले आणि छोट्या बाजूचे त्यांच्याशी काटकोनात. छोट्या बाजूच्या टोकाला मागे दीड इंच जागा सुटली ती सुटू दिली. वर दगड तेवढा रुंद घेतला आणि उघड्या बाजूला उभी पट्टी लावली. दगड अजून कापलेला नव्हता म्हणून हे जमलं. ग्रॅनाइटचं माप बॉक्स पक्के बसल्यावरच द्यावं, दुकानातल्या नकाशावरून देऊ नये.

कोपऱ्यात आणखी एक अडचण होती. कोपऱ्याला लागून असलेला ड्रॉवर उघडताना शेजारच्या दाराच्या मुठीला लागत होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांची पट्टी घालून जागा सोडली. मूठ किती बाहेर येते ते आधी मोजावं आणि त्याहून जास्त जागा सोडावी. मुठी नंतर निवडू म्हटलं की हमखास इथे अडतं.

बॉक्स एकमेकांना जोडताना या वेळी स्क्रूने ओढून घेतलं नाही. शेजारच्या दोन फळ्यांच्या पुढच्या कडांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पायरी लागली नाही की शिकंज्यांनी घट्ट धरलं, एक वर आणि एक खाली. फळीवर वळ उठू नये म्हणून मधे लाकडाचे तुकडे ठेवले. मग भोक पाडून स्क्रू मारले. दोन फळ्या १८-१८ च्या, मिळून ३६. स्क्रू ३० चा घेतला. लांब घेतला तर टोक पलीकडे बाहेर येतं. जुन्या भोकांत फेविकॉल लावून काड्या ठोकल्या आणि नवी भोकं जरा लांब पाडली. जुन्या भोकाला लागून पाडलं तर स्क्रू घसरून तिथेच जातो.

भिंतीला बॉक्स अडकवतानाही काळजी घ्यावी लागली. गिलावा कुठे फुगलेला, कुठे खोल. मागे पोकळी असताना अँगलचा स्क्रू आवळला की बॉक्स मागे ओढला जातो आणि पुढचे पाय फरशीवरून उचलले जातात. म्हणून आधी पोकळीत पाचर भरायची, मग आवळायचं. पाचरीसाठी सनमायकाचे तुकडे उत्तम. एक तुकडा साधारण एक मिलिमीटरचा, त्यामुळे हवी तेवढी जाडी करता येते. पुठ्ठा वापरू नका. फरशी पुसताना तो भिजतो, दबतो आणि बॉक्स पुन्हा बसतो. भोकं पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची जागा टाळा. वायरची नळी बहुधा तिथूनच जाते.

वरच्या कपाटांना एवढा त्रास झाला नाही, कारण तोवर रेघ मारायची सवय झाली होती. त्यांच्या खालच्या कडेच्या रेघेवर आधी एक सरळ लाकडी पट्टी तात्पुरती ठोकली, कपाटं तिच्यावर टेकवली, जोडली, भिंतीत पक्की केली आणि मग पट्टी काढली. जड कपाट हातात धरून भोक जुळवायची वेळ येत नाही. प्लग मात्र गिलाव्यात नाही, विटेत पोचला पाहिजे. या कपाटांवर ताटं आणि डबे यांचं वजन येणार असतं.

सगळे बॉक्स जोडल्यावर सहा फुटी सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि तिरकी ठेवून पाहिली. कुठे डुगडुगली नाही. मगच दारं लावली. आधी बिजागरीचे सगळे स्क्रू मधोमध आणले. पहिल्यांदा उंची, म्हणजे सगळ्या दारांच्या खालच्या कडा एका दोरीत. मग बाजूची फट. शेवटी दार पुढे-मागे. ज्या दारांनी संध्याकाळ खाल्ली होती, ती थोड्याशा फिरवण्यात जुळली. मुलगा म्हणाला, "आई, बिजागऱ्या ठीकच होत्या ना!" आपण त्या उगाच छळल्या असं त्याला वाटलं असावं.

आता दार पाहिलं की दोष कुठे असेल याचा अंदाज येतो. फट वर कमी आणि खाली जास्त असेल तर आधी बॉक्सचे कर्ण मोजा. दारांच्या खालच्या कडा पायरीसारख्या दिसत असतील तर बॉक्सची उंची जुळलेली नाही. एक दार शेजारच्याच्या पुढे येत असेल तर जोडावरच्या कडा अंगठ्याने तपासा. ड्रॉवर आपोआप बाहेर येत असेल तर बॉक्स पुढे झुकलाय, मागचे पाय उंच आहेत. ड्रॉवर आत जाताना घासत असेल तर दोन्ही बाजूंचे चॅनेल एका उंचीवर आहेत का बघा. यातलं काही नसेल तेव्हाच बिजागरीला हात लावा.

पाण्याचंही सांगायला हवं. सिंकच्या बॉक्सला पाइपसाठी पाठीत आणि खाली भोक पाडावं लागतं. त्या कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर ओल धरून फुगतात, आणि जुळलेलं दार पुन्हा अडायला लागतं. आम्ही प्रत्येक कापलेल्या कडेला सिलिकॉन भरलं. खालची स्कर्टिंगची पट्टी फरशीच्या उताराप्रमाणे एका टोकाला १४ मिलिमीटरने निमुळती कापली आणि तिला रबराची कडा लावली, म्हणजे पुसतानाचं पाणी आत जात नाही. ही पट्टी चिकटवली नाही, क्लिपवरच ठेवली. जाळी साफ करायला आणि पाय तपासायला ती काढता आली पाहिजे.

कारागीर परत आले. त्यांनी पट्टी ठेवली, तिच्याखालून बोट फिरवलं आणि काही न बोलता माप घ्यायला लागले. मला फार बरं वाटलं. दगड बसून पावसाळा गेला. एक-दोन दारं वजनाने किंचित उतरली होती, ती वर घेतली. बाकी काही हललेलं नाही.

हे काम घरच्या घरी करता येतं. दोन माणसं हवीत, कारण नळी एकट्याने धरता येत नाही. नळजोडणी, गॅस आणि वायरिंग मात्र ज्याचं काम त्यालाच द्यावं, आम्हीही तसंच केलं. आणि घाई करू नये. ग्रॅनाइट बसेपर्यंत बहुतेक चुका पाय फिरवून आणि स्क्रू सैल करून सुधारतात. दगड चिकटल्यावर त्याच चुकीसाठी दगड उचलावा लागतो आणि उचलताना तो फुटू शकतो. म्हणून दगडवाल्यांना फोन करायच्या आधी एक दिवस फक्त मोजण्यासाठी ठेवा. कर्ण, रेघ, अंगठा आणि सहा फुटी पट्टी, या चार तपासण्या घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही करून घ्या. दोघांची मापं जुळली की मगच फोन करा.